संकल्पाला घंटी नसते

१

देवश्री कशालाही दचकायची. कुकरची शिट्टी झाली, दचकली. मागून सायकलवाल्यानं घंटी वाजवली, दचकली. अमरावतीच्या होस्टेलवर पोरींनी तिचं नाव ससा ठेवलं होतं, आणि बी. एस्सी. होऊन ती अकोल्याला घरी परतली तेव्हा ते नाव तेवढं मागे राहिलं. दचकणं सोबत आलं.

पण हीच पोरगी कॉम्प्युटरपुढे बसली की कुणी वेगळीच व्हायची. पाठ ताठ, हात स्थिर. तिचं म्हणणं साधं होतं: यंत्र कधी मागून येत नाही. त्याचं काय बिघडलं ते समोर पडद्यावर लिहून सांगतं, आणि जे सांगता येतं ते दुरुस्त करता येतं.

जुन्या शहरात, ताहेरभाईंच्या मिक्सिंगच्या दुकानात ती वर्षभर काम करत होती. लग्नाच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या, नको ते कापायचं, गाणी चढवायची, सीडी राइट करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. यंदा लग्नं कमी होती. गावाकडच्यांनी ती दोन हार आणि एका फोटोत उरकली होती, आणि ताहेरभाईंचा कॅमेरा लग्नांपेक्षा टीव्ही चॅनलवाल्यांबरोबरच जास्त हिंडत होता. शेतकऱ्यांची वावरं, घरं, भिंतीवरचे हार घातलेले फोटो. त्या कॅसेटी ते देवश्रीला पाहू देत नसत. "हे माह्यं काम हाय, बेटा," एवढंच म्हणायचे.

बिघडलेल्या सीड्या मात्र ते टाकत नसत. दोरीत ओवून ठेवायचे आणि मूर्तिजापूरकडच्या साळ्याकडे पाठवायचे. तो त्या तुरीच्या वावरात टांगायचा, पाखरं भितात म्हणून.

"यंदा वावरात तेवढंच चमकून राह्यलं," ताहेरभाई म्हणायचे.

चार सीड्या देवश्रीनंही घरी नेल्या होत्या. आईनं त्या मागच्या अंगणात वाळवणाच्या दोरीला बांधल्या. कबुतरं यायची थांबली.

२

देवश्रीच्या वडिलांना, अण्णांना, जाऊन दीड वर्ष झालं होतं. गोपाळकृष्ण गुरुजी म्हटलं की मोर्णेच्या दोन्ही काठांची माणसं ओळखत. पण गणेश चतुर्थीला एका माणसानं एका सकाळी किती घरं गाठायची? म्हणून फार वर्षांपूर्वी, देवश्री पाळण्यात होती तेव्हा, अण्णांनी घरच्याच टेपरेकॉर्डरवर गणपती बसवण्याची सगळी पूजा बोलून ठेवली. 'आता आचमन करा. आता उजव्या तळहातावर पळीभर पाणी घ्या.' यजमानानं टेप लावायचा आणि सांगतील तसं करायचं. ती मूळ कॅसेट घरात तेवढी एकच उरली होती.

ते गेल्यापासून आई बोलेनाशी झाली होती. जेवली का विचारलं तर हो म्हणायची, आणि ताट तसंच असायचं. श्रावण लागला तसं एका सकाळी ती आपणहून बोलली.

"यंदा गणपती बसवू. पूजा हेच सांगतील. तू बैस पाटावर."

"मी?"

"काहून? तुले हात नाहीत?"

एवढं बोलणं आईच्या तोंडून कितीतरी महिन्यांनी आलं होतं. देवश्रीनं तेव्हाच मनाशी पक्कं केलं, की आभाळ कोसळलं तरी त्या दिवशी अण्णांचा आवाज या घरात घुमला पाहिजे. घरचा टेप आता फीत खायला लागला होता. म्हणजे कॅसेट दुकानात नेऊन सीडी करायची. तिच्या हातचा मळ.

एक आणखी सांगायचं राहिलं. आईला हाक मारली तर ती लगेच ओ देत नसे. हा अण्णांचा नियम. मागच्या दारानं हाक आली की पहिलीला गप्प, दुसरीला गप्प, तिसरीला ओ. माणूस तीनदा हाक मारतं, अण्णा म्हणायचे. माणूस नसेल ते तिसऱ्यांदा मारत नाही. आईनं तो नियम इतका पाळला, की दूधवाला देवीदास कंटाळून म्हणायचा, "काकू, दूध नासते तुमच्या तिसऱ्या हाकेपावतर."

३

पहिली सीडी चौदा टक्क्यांवर अडली. यंत्रानं खरखर केली, ट्रे आपोआप बाहेर आला, आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

देवश्री दचकली नाही. वेग जास्त होता, कमी केला. दुसरी सीडी टाकली. चौदा टक्के, ट्रे बाहेर.

मग तिनं शिस्तीनं घेतलं. स्क्रीनसेव्हर बंद, अँटिव्हायरस बंद, नको ते सगळं बंद. राइटरच्या भिंगावरची धूळ साफ. आतली पट्टीची वायर काढून दुसरी लावली. सीडीचा ब्रँड बदलला. दर वेळी चौदा टक्के. बिघडलेल्या सीड्या तिनं खिडकीच्या उजेडात धरल्या. राइट झालेला भाग भोकाभोवती अंगठीसारखा दिसत होता, आणि प्रत्येकीवर अंगठी सारख्याच रुंदीची होती.

"लाइनचा दोष असन," ताहेरभाई म्हणाले. भारनियमनानं गावाची वाटच लावली होती; लाइन यायची तीही मरतुकडी.

"यूपीएसवर आहे, ताहेरभाई."

"मंग राइटर गेला."

तिनं फाइल पेनड्राइव्हवर घेऊन काउंटरच्या कॉम्प्युटरवर चढवली. विनातक्रार चढली, म्हणजे फाइल खराब नव्हती. तिथला राइटर नवा कोरा होता. चौदा टक्के, ट्रे बाहेर. ट्रे इतक्या जोरानं आला की सीडी उडून फरशीवर पडली आणि गोल गोल फिरत राहिली.

दोन यंत्रं, दोन राइटर, एकच जागा. यंत्राला पूजा कळत नाही. त्याला आकडे कळतात, आणि आकड्यांना आकड्यांचं वावडं नसतं. तरी एखाद्या पोरानं नको तो घास जिभेनं बाहेर ढकलावा, तसं ते यंत्र करत होतं. हा विचार मनात आला तेव्हा मात्र देवश्रीला मागे वळून पाहावंसं वाटलं. मागे ताहेरभाई चहा पीत होते.

४

मग तिनं हेडफोन लावला आणि ती जागा ऐकली.

संकल्प होता. 'उजव्या तळहातावर पळीभर पाणी घ्या. पाणी सांडू देऊ नका. आता आपलं गोत्र आणि आपलं नाव उच्चारा.' मग यजमानाला नाव घ्यायला वेळ मिळावा म्हणून अण्णा थांबले होते. त्या थांबण्यात, फार लांबून, कुणीतरी हाक मारली.

"चारू..."

आईचं नाव चारुशीला. बाईचा आवाज, शेवट लांबवलेला. शेजारीण असेल. अण्णा घाईनं पुढे बोलू लागले. हाक पुन्हा आली, या वेळी अंगणातून आल्यासारखी. अण्णांनी आवाज चढवला. आणि मग एकाएकी घंटी. देवघरातली पितळी घंटी, कुणी आग लागल्यावर बडवावी तशी. त्या घणघणाटाखाली बाकी सगळं बुडून गेलं.

बरोबर तिथेच सीडी अडत होती.

घरी गेल्यावर देवश्रीनं आईला विचारलं. आई तांदूळ निवडत होती.

"आई, ती कॅसेट भरली तेव्हा तुला कोणी हाका मारत होतं?"

"मले काय ऐकू येणार? मले तर मधल्या खोलीत बसवून ठेवलं होतं. भांडं वाजलं नाही पाहिजे म्हणे. अन् मग स्वतःच घंटी बडवली."

"संकल्पाला?"

"तेच म्हटलं मी. संकल्पाले घंटी कोण वाजवते? तर म्हणे, चुकलं." आई सूप झटकत थांबली. "पूजेत त्यांचं कधी चुकलं नाही बाई. पाहते तर घामानं थबथबलेले. पुन्हा भरा म्हटलं तर नाही म्हणे, असूच दे घंटी."

"मग?"

"मग काय. तवापासून मागच्या दाराची कडी दिवसाही लावायचे. मी आता उघडंच ठेवते. लाइन गेली की जीव घाबरते."

दोरीवरच्या सीड्या उन्हात फिरत होत्या. त्यांचे कवडसे आईच्या तोंडावरून, तांदळावरून, भिंतीवरून जात होते. आईच्या गालावर थोडा रंग आला होता. बोलता बोलता तिनं एक पोळी खाल्ली होती, आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

५

"दोन तुकडे कर," ताहेरभाई म्हणाले. "घंटीचा भाग सोडून दे. मागचं-पुढचं जोड."

"संकल्पच सोडला तर पूजा कोणाच्या नावानं होईल, ताहेरभाई?"

"ते तुमचं तुमाले मालूम."

देवश्रीचं ठरलं होतं. अण्णांचे शब्द घंटीच्या खाली होते. घंटी वर होती, शब्द खाली; म्हणजे घंटी उचलायची. त्याची रीत तिला येत होती. घंटीच्या आवाजाचा नमुना घ्यायचा, कॉम्प्युटरला सांगायचं की एवढाच आवाज शोध आणि खाली ओढ. लग्नाच्या कॅसेटींतून तिनं जनरेटर काढले होते, बँड काढले होते. एकदा तर नवरदेवाच्या मामाची शिवी काढली होती.

"निघते," ताहेरभाई तिच्या खांद्यावरून पाहत म्हणाले, "पण संग आवाजाचं कातडंही निघते. आस्ते घे."

तिनं आस्ते घेतलं. पडद्यावर आवाजाचा आलेख होता. घंटीच्या जागी काळाकुट्ट डोंगर. ती एकेक थर काढत गेली तसा डोंगर खचला. दुपारी लाइन जायची वेळ होत आली होती. शेवटच्या थराखाली सपाट रेघ राहील असं तिला वाटलं होतं. तशी ती राहिलीही, फक्त मधोमध एक छोटा उंचवटा होता. कुणीतरी काही बोललं होतं. अण्णांचाच शब्द, दुसरं काय असणार?

ऐकून पाहावं म्हणून तिनं हेडफोन उचलला आणि लाइन गेली. यूपीएस कोकलायला लागलं. आता ऐकत बसलं तर राइट करायला वेळ उरणार नव्हता, आणि उद्या चतुर्थी. तिनं हेडफोन ठेवला, कोरी सीडी टाकली.

तेरा टक्के. चौदा. पंधरा.

यंत्रानं हूं की चूं केलं नाही. सरळ शंभरावर गेलं, आणि ट्रे हळूच बाहेर आला.

"वा," ताहेरभाई म्हणाले. "काय केलं तू?"

"घंटी काढली," देवश्री म्हणाली. परीक्षेतही तिचा आवाज कधी इतका खणखणीत निघाला नव्हता.

६

चतुर्थीची सकाळ लख्ख उजाडली. सणामुळे लाइनही शाबूत होती. पाटावर मूर्ती, समोर देवश्री, अण्णांचा ताम्हन-पळीचा संच तिच्या उजव्या हाताला. सीडी प्लेअर टीव्हीच्या खाली. आई स्वयंपाकघरात मोदक तळत होती, मागच्या दाराशी, वारा लागतो म्हणून.

"लाव," आई तिकडून म्हणाली. "येते मी ऐकायला. हा घाणा झाला की."

देवश्रीनं बटण दाबलं आणि अण्णा बोलू लागले. खोकला, पाटाचा आवाज, मग तो भरलेला, ऐसपैस स्वर. स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. आई रडत होती की हसत होती, ते देवश्रीला दिसलं नाही. पण ती ऐकत होती. तिनं आचमन केलं. अण्णा सांगतील तसं करत गेली.

'उजव्या तळहातावर पळीभर पाणी घ्या. पाणी सांडू देऊ नका.'

तिनं पाणी घेतलं. त्यावर अक्षता, फूल. हात पुढे धरला.

'आता आपलं गोत्र आणि आपलं नाव उच्चारा.'

तिनं गोत्र म्हटलं. नाव घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात लांबून आलं, "चारू..."

ठाऊक होतं, म्हणून ती दचकली नाही. स्वयंपाकघरातून काही आलं नाही. पहिली हाक.

अण्णा घाईनं बोलू लागले. "चारू..." अंगणातून. अण्णांनी आवाज चढवला. दुसरी हाक. देवश्रीच्या तळहातावरचं पाणी किंचित हललं.

आणि मग घंटीची जागा आली. तिथे अण्णांचा शब्द यायचा होता. आला नाही. आला तो श्वास. घंटी नव्हती, पण घंटी हलवणाऱ्या माणसाचा श्वास होता. जीव खाऊन हात हलवणाऱ्या, धापा टाकणाऱ्या माणसाचा. अण्णा कशावर तरी झाकण दाबून धरावं तशी ती घंटी हलवत होते, आणि आवाज देवश्रीनं काढून टाकला होता.

उठावं, प्लेअर बंद करावा, असं तिला वाटलं. पण हातावर पाणी होतं, आणि अण्णांनी सांगितलं होतं सांडू देऊ नका. तेवढ्या एका विचारात तो क्षण गेला.

"चारू."

या वेळी शेवट लांबवलेला नव्हता. दारात उभं राहून मारावी तशी हाक होती. ती टीव्हीच्या बाजूनं आली नाही.

"ओ," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. इतकी वर्षं पाळलेल्या नियमानं, अगदी वेळेवर. "आले हो."

देवश्रीच्या हातातलं पाणी पाटावर सांडलं.

७

कढईत मोदक होते. तेलात फिरत, लालाचे काळे होत. झाऱ्या ताटात नीट ठेवलेला होता. मागचं दार सताड उघडं.

"आई?"

ती दोरीपर्यंत गेली. अंगणात कुणी नव्हतं. दोरीवरच्या त्या सीड्या वारा नसला तरी फिरायच्या. आज वारा होता आणि त्या स्थिर होत्या. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. जवळच्या सीडीत अंगणाचा तिच्या पाठीमागचा भाग उतरला होता, बोळीकडचं फाटक. फाटकाशी आई होती. हिरवं लुगडं, पाठमोरी, आणि चालण्यात अशी लगबग जशी देवश्रीनं दीड वर्षात पाहिली नव्हती. आईचा हात कुणाच्या तरी हातात होता. तो हात कोपरापर्यंत दिसला. त्याच्या पुढे, जिथे माणूस असायला हवं होतं, तिथे सीडीचं भोक होतं.

ती गर्रकन वळली. फाटक हलत होतं. बोळ रिकामी. नदीकडचा उन्हातला रस्ता, त्यावर एक कुत्रं झोपलेलं.

ती आत आली. का आली ते तिला सांगता आलं नसतं. गॅस बंद केला. दाराची कडी लावली. आत अण्णा शांतपणे पुढची पूजा सांगत होते; घंटापूजन आलं होतं. 'आता घंटी वाजवा.'

"देवश्री..."

बोळीतून, लांबून. आईचाच आवाज. आई अशीच हाक मारायची, शेवट लांबवून.

आई परत आली असेल. शेजारच्या पार्बताबाईंकडे मोदक द्यायला गेली असेल, ताट विसरली असेल. सीडीत काय, वेडंवाकडं दिसतंच. देवश्रीनं हे सगळं एकापाठोपाठ एक मनात मांडलं, राइटर तपासताना मांडायची तसंच. वेग, धूळ, वायर. प्रत्येक कारण बरोबर होतं.

"देवश्री..."

अंगणातून.

तिनं देवघरातली घंटी उचलली.

हात स्थिर होता. ती वाजवू लागली. पितळेचा आवाज घरभर भरला, छपराला लागला, खिडकीतून बाहेर गेला. अण्णांचा स्वर त्याखाली बुडाला. दाराची कडी हलत होती की तिचेच डोळे, ते कळेना. ती वाजवत राहिली. तिसरी हाक आली असेल, तर तिला ऐकू आली नाही. अजून यायची असेल, तर ती येऊ द्यायची नव्हती. आणि दाराबाहेर खरंच आई असेल, तर?

सीडी संपली. खांदा भरून आला. शेजारच्या भिंतीवरून पार्बताबाईंचं डोकं खिडकीत दिसलं. त्या ओरडून काही विचारत होत्या. देवश्रीनं मान हलवली, हात थांबवला नाही.

पार्बताबाईंनी तोंडाशी दोन्ही तळवे धरले.

"अवं पोरी, आवर ना ते जरा. तुही माय केव्हाची तुले हाका मारून राह्यली."

देवश्रीनं हात बदलला.